मापाची बंदूक आणि तिची जबाबदारी

जोडधंदा हा शब्द सीमाभागातील माणसाला नवा नाही. मलप्रभेच्या उगमापाशी वसलेले कणकुंबी असो की आसपासचा पारवाड, जांबोटीचा पट्टा असो, केवळ भात आणि नाचणीच्या शेतीवर वर्ष निभत नाही. म्हणून कोणी गोव्याला कामाला जातो, तर कोणी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभा राहतो. पाच-दहा वर्षांत हात बसला की या कुशल तरुणांना स्वतःचे काहीतरी सुरू करावेसे वाटते, आणि त्यांच्या बोलण्यात अधूनमधून एक धाडसी कल्पना डोकावते : गिऱ्हाइकाच्या मापाने रायफल बनवून देण्याचा छोटासा व्यवसाय. परदेशात असे कारागीर घरामागच्या खोलीत काम करतात, मग आपण का नाही, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. त्याला थट्टेने वा धाकाने गप्प करण्यापेक्षा नीट उत्तर देणे हे गावातील सुशिक्षितांचे, विशेषतः आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

या कल्पनेमागे परंपरा नाही असे नाही. हत्यारांना धार लावणारा, ती घासूनपुसून लखलखीत करणारा शिकलगार आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि हत्यार बाळगणे ही सरकारी मेहेरबानीची गोष्ट बनली. पुढे कारखानदारी वाढली तसा तो हात लोखंडाच्या इतर कामांकडे वळला. आज बेळगावच्या फौंड्रीत आणि यंत्रशाळेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काम करणारे कारागीर आहेत. तेव्हा प्रश्न कौशल्याचा नाही. ते कौशल्य कोठे लावावे, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम कायदा पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनविणे, विकणे, तिची दुरुस्ती करणे, तिच्यात फेरबदल करणे, एवढेच नव्हे तर तिची चाचणी घेणे, या प्रत्येक गोष्टीस परवाना लागतो. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे ‘मी बंदूक केली नाही, फक्त नळी फिरवून दिली’ हा बचाव टिकण्यासारखा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणजे गिऱ्हाईकही मर्यादितच. परदेशाचा दाखला देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, बंदुकांच्या बाबतीत सैल समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतसुद्धा हा धंदा म्हणून करणाऱ्यास केंद्रीय परवाना घ्यावाच लागतो.

यावर आपल्याकडे हमखास पुढे येणारा मुद्दा म्हणजे रानडुकराचा. पोटरीला आलेले भात एका रात्रीत कळप लोळवून जातो, माळ्यावर बसून राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत वर्षाचे अन्न मातीत जाते. हे दुःख खरे आहे आणि शहरात बसून त्यावर प्रवचन करणे सोपे आहे. परंतु कायद्याने या गरजेची दखल घेतलेली आहे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी पडते असे दिसल्यास आटे नसलेल्या नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. प्राणी मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली स्वतंत्र परवानगी लागते आणि २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाल्यापासून या परिसरात तर अधिकच सावधगिरी हवी. कोडगूच्या लोकांना बंदूक बाळगण्यास परवान्यातून सूट आहे आणि ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली, हे खरे. परंतु ती सूट बाळगण्याची आहे. बंदूक घडविण्याचा धंदा थाटण्याची नव्हे.

आता आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहू. ७.६२ मि.मी. रायफलीचा बार उडतो तेव्हा नळीच्या बुडाशी निर्माण होणारा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट असतो. पोलादाचा दर्जा, त्यावरील उष्णता-प्रक्रिया आणि नळीच्या मागील बंदिस्तीची घट्ट बसण, यांत केसाएवढी उणीव राहिली तरी तो दाब नेम धरणाऱ्याच्या तोंडावर आणि हातावर येतो. याच कारणास्तव इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी १८१३ साली कायदा करवून घेऊन स्वतःच्याच धंद्यावर तपासणीगृहाचे बंधन घातले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक बार भरून ती उडविली जाते, आणि जी तगते तिच्यावरच शिक्का बसतो. घरच्या लेथवर केलेल्या नळीस असा शिक्का कोण देणार? तिची तपासणी वापरणाऱ्याच्या बोटांवर आणि डोळ्यांवर होते. शिवाय अशी जखम झालेला माणूस पोलिसांच्या भयाने वेळेवर दवाखान्यात येत नाही. बंदुकीच्या जखमेची वर्दी देणे डॉक्टरला चुकत नाही, हे त्यास ठाऊक असते. मग घाटातील वाट, पावसाळी रात्र आणि दडवून ठेवलेली जखम यांचा जो हिशेब होतो, तो आपणांपैकी बहुतेकांना सांगावयास नको.

मग या कारागिराने करावे काय? मला वाटते, उत्तर शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. या यशामुळे खेड्यापाड्यांतील मुले नेमबाजीकडे वळत आहेत. स्पर्धेच्या उत्तम रायफली मात्र बहुतांशी जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातून येतात आणि त्या सामान्य घराच्या आवाक्याबाहेर असतात.

आणि येथेच ‘मापाची’ या शब्दाला खरा अर्थ आहे. नेमबाजाच्या दृष्टीने रायफल मापाची होते ती मुख्यतः दस्त्यामुळे : खांद्यापासून चापापर्यंतची लांबी, गाल टेकण्याच्या फळीची उंची, तळव्याला बसणारी मूठ. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. मान किंचित आखडली तरी गोळी बाहेर जाते. वाढत्या वयाच्या मुलाला तर दर वर्षी नवे माप लागते. लाकूड आणि ॲल्युमिनियमचे असे जुळवून घेता येणारे दस्ते, मुठी आणि गालफळ्या बनविणे हे आपल्या सुतार-फिटरांच्या हातचे काम आहे.

४.५ मि.मी.पर्यंत व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल बाळगण्यास २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. तरीही व्यवसाय म्हणून काम हाती घेण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा, हा माझा आग्रह आहे. काडतुसाच्या बंदुकीच्या दस्त्यालादेखील परवान्यावाचून हात लावू नये.

या कामात आपलाही वाटा असू शकतो. कृत्रिम पाय किंवा कमरेचा पट्टा मापाने बसविताना आपण जो विचार करतो, तोच येथे हवा. मणक्याला बाक न येता वजन कसे पेलावे, कोणत्या वयात किती वजनाची रायफल द्यावी, हे अस्थिरोगतज्ज्ञाने सांगावे. नेत्रतज्ज्ञाने डोळे तपासावेत. कारागिराला लाकडाच्या भुशापासून फुप्फुसे, आणि सराव घेणाऱ्यांना शिशाच्या धुळीपासून रक्त कसे जपावे, हे आपण समजावावे. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही. तेव्हा सरावानंतर हात धुतल्यावाचून जेवू नये, एवढी साधी शिस्तही पुष्कळ उपयोगी ठरते.

हुन्नर असलेल्या तरुणास नुसते ‘नको’ म्हटले, तर तो आडवाटेने जातो, आणि आडवाटेवर गिऱ्हाईक भेटते ते गुन्हेगार किंवा चोरटे शिकारी. त्याला सरळ वाट दाखविली, तर तोच कारागीर उद्याच्या एखाद्या विजेत्याच्या खांद्याला बसेल असा दस्ता घडवील. आपल्या संघटनेने तालुक्यातील एखाद्या शाळेत एअर रायफलच्या सरावाची सोय करण्यासाठी पुढाकार घ्यावा आणि पहिल्या दस्त्यांची मागणी आपल्याच कारागिरांकडे नोंदवावी, अशी माझी सूचना आहे. फुटलेल्या नळीने गेलेली बोटे आपल्याला परत आणता येत नाहीत; ती जाणार नाहीत अशी व्यवस्था करणे मात्र आपल्या हाती आहे.