नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट आणि वाचकांनी ठेवलेली नोंद

१) इ.स. १९९३. स्थळ नागझिरा अभयारण्य, तेव्हाचा भंडारा जिल्हा. किशोरवयीन राही अनिल बर्वे याला एक मित्र नारायण धारपांची एक गोष्ट सांगतो. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा हा मुलगा. त्या गोष्टीने त्याच्या मनात घर केले. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' प्रदर्शित झाला.

२) इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी जागा पुढे आहे. काही वर्षांनी बर्वे यांनी धारपांची ती कथा छापील रूपात वाचली, तेव्हा ती त्यांना साधी वाटली. मनात रुतलेली भीती कागदावरच्या शब्दांपेक्षा मित्राच्या सांगण्यात अधिक होती, असे त्यांना उमगले. मग चित्रपटाचे उगमस्थान कोणते मानायचे? धारपांची 'आजी' ही कथा, की जंगलात झालेले तिचे कथन?

३) या प्रश्नाला तिसराही पदर आहे. 'आजी' आणि स्टीफन किंग यांची १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'ग्रॅमा' ही कथा यांतील साम्य वाचकांनी टिपलेले आहे. म्हणजे परदेशी कथा, तिचे मराठी रूप, त्या रूपाचे तोंडी कथन आणि शेवटी हिंदी चित्रपट, अशी ही साखळी. हे दुवे आज लोकांच्या बोलण्यात आहेत, याचे मोठे श्रेय दोन्ही भाषांतली पुस्तके वाचून ती शेजारी ठेवणाऱ्या हौशी वाचकांना जाते.

४) विज्ञानकथा, भयकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखकांविषयी चाहत्यांनी इंटरनेटवर उभ्या केलेल्या सूच्या, मुखपृष्ठांची छायाचित्रे आणि कथांच्या याद्या अभ्यासकांच्या जगात सहसा हौसेच्या खात्यात टाकल्या जातात. या धाग्याचे म्हणणे वेगळे आहे. मराठीतील या साहित्याच्या इतिहासाचे बरेचसे कच्चे साधन वाचकांच्या हातीच आहे. त्याला साधनाचा दर्जा द्यायला हवा आणि त्याच्याकडून साधनाची शिस्तही मागायला हवी.

५) वाचकांवर ही वेळ का आली? नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके गावोगावच्या वाचनालयांतून हातोहात फिरली. हातोहात फिरणारे पुस्तक लवकर फाटते. शिवण उसवते, मुखपृष्ठ जाते, जाड पुठ्ठ्याची बांधणी होते आणि एक दिवस ते जीर्ण पुस्तकांच्या गठ्ठ्यात जाते. गंभीर मानल्या गेलेल्या ग्रंथाची प्रत कोणीतरी जपून ठेवतो. करमणुकीच्या पुस्तकाच्या वाट्याला असे जपणारे हात कमीच येतात. सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तकच असे सर्वांत आधी नाहीसे होऊ शकते.

६) पुस्तक टिकले तरी अडचण संपत नाही. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत असते. संग्रहात कोणत्या कथा आहेत, त्या आधी कोणत्या दिवाळी अंकात आल्या होत्या, पुढच्या आवृत्तीत कोणती कथा गळली, हे तिथे नसते. कथासंग्रह हा या साहित्याचा मोठा भाग. त्याची अनुक्रमणिकाच नोंदीबाहेर राहिली, तर 'आजी' कोणत्या पुस्तकात शोधायची हे सांगणार कोण?

७) टोपणनावांचेही तसेच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये हा हेतू. नारळीकर जगद्विख्यात असल्यामुळे ही हकीकत टिकली. कमी प्रसिद्ध लेखकाचे टोपणनाव मात्र त्याच्यासोबतच जाते आणि त्याची कथा बेवारस होते.

८) हा वारसा लहानसा नाही. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळकोकिळ' मासिकातून मराठीत आली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताला आणि गूढाला हक्काचे मासिक दिले. धारपांनी भयकथांबरोबर 'नेनचिम'सारखी विज्ञान कादंबरीही लिहिली. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावे पुढची. यांतील कितीतरी लेखन आधी मासिकांत आणि दिवाळी अंकांत आले, आणि नियतकालिक ही ग्रंथालयातली सर्वांत अल्पायुषी वस्तू.

९) अन्यत्र हे काम कसे उभे राहिले? १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केले. त्यातील वाचकांच्या पत्रांसोबत पत्तेही छापले जात. त्यामुळे वाचक एकमेकांना थेट लिहू लागले आणि चाहत्यांची मंडळे तयार झाली. १९५४ मध्ये डोनाल्ड टक या चाहत्याने विज्ञानकथा व अद्भुतकथांची एक संदर्भपुस्तिका काढली. टक राहत होते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर. न्यूयॉर्क आणि लंडनच्या प्रकाशकांपासून याहून दूर राहणे अवघड. भंडाऱ्यात बसून पुण्या-मुंबईच्या पुस्तकांची सूची कशी करावी, असे वाटणाऱ्याने टक यांची आठवण ठेवावी.

१०) १९९५ मध्ये 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' सुरू झाला. तोही स्वयंसेवकांचाच. तिथे एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या स्वतंत्रपणे नोंदवतात, संग्रहातील प्रत्येक कथा वेगळी दाखवतात, टोपणनाव मूळ नावाशी जोडतात. प्रत्यक्ष प्रत हातात घेऊन माहिती कोणी पडताळली, याचीही नोंद होते. त्या संकेतस्थळाची खरी प्रतिष्ठा या शेवटच्या सवयीत आहे.

११) ही सवय मराठीला परकी नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली. मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास आजही तिच्यापाशी येऊन थांबतो. आणखी मागे गेले, तर तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या अनुयायांकडून गोळा केल्या. निळभट भांडारेकार या अनुयायाच्या तर नावातच भंडारा आहे. महानुभाव परंपरेने एका लीळेची वेगवेगळी रूपे, त्या त्या महंताची 'वासना' म्हणून, वेगळी सांभाळली. भक्तिग्रंथ आणि भयकथा यांची ही तुलना नाही; नोंदीच्या शिस्तीपुरता हा दाखला. कोणी सांगितले आणि पाठ कोणाचा, हे विचारायला मराठी माणूस सातशे वर्षांपूर्वीच शिकला होता.

१२) आता आक्षेप. चाहता प्रेमाने लिहितो आणि प्रेम आंधळे असते. एकाची चूक दहा जण उतरवून घेतात. हा आक्षेप खोटा नाही. 'तुंबाड'चेच पाहावे. हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीकडून आले आणि कथेचे बीज धारपांकडून. त्यामुळे चित्रपट पेंडशांच्या कादंबरीवर आहे, असा समज सहज होतो. धारपांनी 'तुंबाड' नावाची कथा लिहिली, असाही होतो. नाव, बीज आणि कलाकृती या तीन वेगळ्या नोंदी आहेत, एवढे पाळले तरी दोन्ही चुका टळतात.

१३) दुसरे उदाहरण भूगोलाचे. नागझिरा कोणत्या जिल्ह्यात? आजचा नकाशा पाहणारा गोंदियाचे नाव आधी घेईल. पण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९९३ सालची घटना सांगताना 'भंडारा जिल्हा' हीच नोंद योग्य. तारीख न लिहिलेली नोंद अशा वेळी दोन्ही बाजूंनी फसवते.

१४) सर्वांत नाजूक मुद्दा रूपांतराचा. धारपांच्या काही पुस्तकांमागे इंग्रजी कथा-कादंबऱ्या आहेत. 'लुचाई'चे नाते किंग यांच्या 'सेलम्स लॉट'शी जोडले जाते. यावर चाहते गप्प बसतात आणि टीकाकार चोरीचा शिक्का मारून मोकळे होतात. दोघेही इतिहासाची हानी करतात. परकी भीती मराठी वाड्यात, मराठी घरातल्या आजीच्या खोलीत आणताना लेखकाने काय बदलले, काय गाळले, कोणते नवे घातले, हाच तर अभ्यासाचा विषय. मूळ कोणते हे स्पष्ट लिहिल्याने धारप लहान होत नाहीत. त्यांचे खरे काम कुठे सुरू होते, ते त्यामुळेच दिसते.

१५) एक मर्यादाही पाळायला हवी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. धारपांच्या बाबतीत २०६८ अखेरपर्यंत. संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत फिरवणे म्हणजे संवर्धन, हा समज सोडलेला बरा. त्यात हक्कधारकांचे नुकसान होते आणि अभ्यासकाच्या हाती बहुधा शीर्षकपृष्ठ नसलेली, आवृत्ती न कळणारी प्रत पडते. सूची करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

१६) नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारपांची जन्मशताब्दी झाली. १९७०-८० च्या दशकांत ही पुस्तके रांगेत थांबून नेणारे वाचक आज साठी-सत्तरीत आहेत. कोणत्या दिवाळी अंकात काय वाचले, कोणाच्या तोंडून कोणती गोष्ट ऐकली, हे त्यांना आठवते आहे. मुद्रित प्रत दुसऱ्या गावी सापडू शकेल. ही आठवण दुसऱ्या कोणाकडे नाही.

१७) म्हणून कामाची सुरुवात घरापासून व्हावी. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. सात तालुक्यांतील वाचनालयांच्या कपाटांत अजून बांधणी केलेले जुने अंक असतील. एक पुस्तक घ्यावे. प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि संपूर्ण अनुक्रमणिका उतरवावी. प्रत कुठे पाहिली आणि कोणत्या तारखेला, हे खाली लिहावे. मग घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या वाचकाला विचारावे: काका, ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा वाचली होती, की कोणी सांगितली होती? उत्तर वेगळ्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. १९९३ साली नागझिऱ्यात सांगितल्या गेलेल्या गोष्टीची जागा याच रकान्यात आहे.