सोबतीचा हात : बोगद्यातील रंग

मागील अंकात कंपवाताच्या रुग्णाला घराबाहेर नेण्याविषयी लिहिले होते. त्यावर 'बाहेर नेऊन करायचे काय?' असा प्रश्न काही वाचकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. बागेतल्या बाकावर तासभर बसवून आणणे, यापलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. माझीही जात नव्हती. म्हणून आज एका बोगद्याची हकिगत सांगते.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात आरेखक होते. त्यांच्या आजाराची पहिली खूण हाताची थरथर नव्हती, अक्षर होते. घरखर्चाच्या वहीत ओळीच्या आरंभी टपोरे असलेले अक्षर शेवटाकडे मुंगीएवढे होऊ लागले. कंपवातात असे घडते हे आम्हाला पुष्कळ उशिरा समजले. रेषा हातातून सुटली तेव्हा त्यांनी मोबाईलवर छायाचित्रे काढण्याचा नाद लावून घेतला. पुढे एका मुंजीत ते फोटो घेत असताना हात थरथरू लागला, पाहुणे ताटकळले, आणि मी म्हणाले, "अहो, द्या इकडे, मी काढते." फोटो उत्तम आला. त्यानंतर चार महिने त्यांनी कॅमेरा हाती धरला नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे लंडनला गेलो. तिने एके दिवशी लीक स्ट्रीटला नेले. वॉटर्लू स्थानकाच्या रुळांखालून जाणारा हा लांबलचक भुयारी रस्ता. पॅरिसकडे जाणाऱ्या युरोस्टार गाड्या २००७ पर्यंत याच स्थानकातून सुटत. त्या दुसऱ्या स्थानकात हलल्यानंतर, मे २००८ मध्ये, बँक्सी या नावाने वावरणाऱ्या अज्ञात चित्रकाराने देशोदेशींचे चित्रकार येथे जमवून भिंती रंगवून घेतल्या. तेव्हापासून येथे चित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही. भिंत, छत, पायाखालची जमीनही रंगलेली. आज काढलेल्या चित्रावर उद्या दुसरा कोणी रंग चढवतो; काही ठिकाणी रंगाचे थर इतके जाड झाले आहेत की भिंतीचे कोपरे गोलसर भासतात. या रस्त्याला नाव आहे ते डॉ. जॉन लीक या अठराव्या शतकातील वैद्याचे. त्यांनी जवळच गरीब स्त्रियांसाठी प्रसूतिगृह स्थापले होते. आणि १८१७ मध्ये ज्यांनी कंपवाताचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, ते जेम्स पार्किन्सनही याच शहरातले. यजमानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माहेरीच आलो म्हणायचे."

बोगद्याच्या तोंडाशी मात्र त्यांची पावले जमिनीला खिळली. दार, अरुंद वाट, उजेडातून अंधाराकडे जाणारी हद्द अशा जागी कंपवाताच्या रुग्णाचे असे होते. मन पुढे निघालेले असते, पाय ऐकत नाहीत. मागून येणारी माणसे खोळंबली. अशा वेळी हात धरून ओढावेसे वाटते. तेच करू नये. ओढल्याने वरचे अंग पुढे येते, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी पूर्ण थांबून घेतले, अंगाचा भार डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर नेला. जमिनीवर कोणीतरी पिवळा पट्टा रंगवून ठेवला होता. "तो ओलांडा," मी म्हणाले. त्यांनी तो ओलांडला, आणि पुढची पावले आपोआप पडली. समोर दिसणारी आडवी रेघ खिळलेल्या पायांना वाट करून देते, हे मला ठाऊक होते. ती रेघ असल्या चित्रविचित्र जागी आयती मिळेल, हे ठाऊक नव्हते.

आत गेल्यावर आम्ही मिनिटभर कडेला उभे राहिलो. वय वाढते तसे डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. तो न देता चालू लागणे म्हणजे पडण्याला निमंत्रण. मग एका भल्यामोठ्या निळ्या माशासमोर त्यांनी खिशातून मोबाईल काढला. माझा हात पुढे झाला होता. तो मी शालीत घेतला.

यापुढचे सारे त्यांनी स्वतः शोधले आणि पुढच्या तीन फेऱ्यांत घासूनपुसून पक्के केले. पुष्कळ रुग्णांत हा कंप हात निवांत असताना अधिक असतो. हात कामासाठी उचलला की तो काही क्षण ओसरतो आणि हात तसाच धरून ठेवला की परततो. ते काही क्षण पकडायचे. म्हणून चित्र आधी नुसत्या डोळ्यांनी पाहून चौकट मनात ठरवायची, मग हात उचलायचे, टिपायचे, हात खाली. बोगद्याचा आणखी एक फायदा असा की समोरची भिंत टिपताना पाठ टेकायला मागची भिंत असते. पाठ टेकलेली, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, मोबाईल दोन्ही हातांत. पडद्यावर बोट टेकवताना धक्का बसतो, त्यावर तीन सेकंदांचा टायमर हा सोपा उपाय. फ्लॅश बंद ठेवावा, कारण चकाकत्या रंगावर पांढरा डाग पडतो. अंधारासाठी असलेली 'नाइट' सोयही बंद, कारण तिला हात बराच वेळ स्थिर लागतो. आणि बाहेर पडायचे ते औषधाचा अंमल चांगला असेल त्या वेळी. आमच्याकडे ती वेळ गोळीनंतर सुमारे तासाभराने येते, आपल्याकडची आपल्या डॉक्टरांना विचारून ओळखावी.

एक इशारा. तेथे तरुण मंडळी फवाऱ्याने रंग मारत असतात आणि बंदिस्त जागेत तो वास कोंडतो. दमेकऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मलाच दुसऱ्या फेरीत खोकल्याची उबळ आली आणि आम्ही पंधरा मिनिटांत बाहेर पडलो. रंगवणाऱ्याचा फोटो घ्यायचा तर विचारून घ्यावा. यजमानांनी एकदा खुणेने विचारले, तर तो मुलगा शिडीवरून उतरून बाजूला झाला आणि यांचे टिपून होईपर्यंत थांबला. यांना वेळ लागला. मुलाने घड्याळाकडे पाहिले नाही. मी मात्र दोनदा पाहिले.

चौथ्या फेरीत निळा मासा नव्हता. त्या जागी कोणाच्या तरी नावाची लठ्ठ गुलाबी अक्षरे होती. मला हळहळ वाटली. यजमानांनी पाठ भिंतीला टेकली आणि अक्षरे टिपली. "आता ही जागा दोन वेळा माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

चार फेऱ्यांत मिळून एकशे सदतीस छायाचित्रे झाली. निम्मी हललेली आहेत. त्यांतील एकात माशाच्या शेपटाशी मी उभी आहे; हातात त्यांची काठी, चेहरा अस्पष्ट, नजर मनगटावरच्या घड्याळावर. एवढे पुसून टाका, असे मी दोनदा सुचवले. त्यांनी ते ठेवले आहे.