ऑफर लेटर आलं, पण इमर्जन्सी काँटॅक्ट कोण?

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर फिरताना परदेशी शिक्षणाच्या पाट्या तुम्ही रोज बघता. कॅनडा, जर्मनी, आयर्लंड, रशियात एमबीबीएस. आत गेलात की कोर्स, फी, लोन, व्हिसा, राहायची सोय अशा सगळ्याची उत्तरं मिळतात. एक प्रश्न मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत: तिथे रात्री दोन वाजता पोटात असह्य दुखायला लागलं, अपघात झाला किंवा दंगल उसळली, तर माझ्यासाठी धावून येणार कोण? आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून?

प्रश्न अशुभ वाटेल. ‘जाताना असलं काय बोलतेस’ असं घरात हमखास ऐकायला मिळेल. पण गेल्या काही वर्षांतल्या बातम्या बघितल्या तर हा विषय टाळून चालणार नाही, हे लक्षात येतं.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत माहिती दिली, की आधीच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यात कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७ आणि रशियात ३७. ‘कॅनडा सर्वात धोकादायक’ अशा हेडलाइन तेव्हा सगळीकडे फिरल्या.

जरा थांबा. त्याच वर्षी कॅनडात सव्वाचार लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते आणि रशियात साधारण २५ हजार. म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येशी ताडून बघितलं तर रशियाचं प्रमाण कॅनडाच्या तिप्पट-चौपट निघतं. विद्यार्थिसंख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण नुसता आकडा बघून देशाला ‘सेफ’ किंवा ‘अनसेफ’ ठरवू नका, एवढं तरी त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या ६३३ पैकी हल्ल्यात गेलेले विद्यार्थी १९. बाकीची कारणं अपघात, आजारपण, नैसर्गिक मृत्यू अशी. आपण घाबरतो गोळीबाराला आणि वर्णद्वेषी हल्ल्याला. प्रत्यक्षात जीव जातो तो बहुतेकदा रस्त्यावर, पाण्यात किंवा अंगावर काढलेल्या दुखण्यात. यातलं बरंच काही तयारीने टळू शकतं.

व्होल्खोव्ह नदी आणि जळगाव

जून २०२४ मध्ये रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोद शहरात व्होल्खोव्ह नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. पाचव्या विद्यार्थिनीला वाचवण्यात यश आलं. बुडालेल्यांत आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलेही होते, मेडिकलला गेलेले, तुमच्या-माझ्यापेक्षाही लहान. मृतदेह घरी आणण्यासाठी सेंट पीटर्सबर्गचा भारतीय वाणिज्य दूतावास, तिथलं विद्यापीठ आणि जळगावचं जिल्हा प्रशासन यांना एकत्र काम करावं लागलं.

नदी आपल्याला परकी नसते. गोदाकाठी वाढलेल्या पोरांना तर नाहीच. पण उत्तरेकडच्या नद्यांचं पाणी उन्हाळ्यातही अंगाला झटका बसेल इतकं गार असू शकतं. अचानक गार पाण्यात गेलं की श्वासावरचा ताबा सुटतो आणि चांगला पोहणाराही गडबडतो. बर्फावर चालणं, उजव्या बाजूने येणारी वाहनं, बंद खोलीतला हीटर हे सगळं तिथल्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं. आपल्याला ते कुणी शिकवत नाही. विद्यापीठाच्या ओरिएंटेशनमध्ये सुरक्षेचं सत्र असतं, तेच आपण जेट लॅगच्या नावाखाली बुडवतो.

संमती कोण देणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थिनीला गाडीने धडक दिली आणि ती कोमात गेली. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाने घरच्यांची परवानगी मागितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. घरचे इकडे, आणि हातात अमेरिकेचा व्हिसा नाही. तातडीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना. खासदार सुप्रिया सुळे यांनी परराष्ट्रमंत्र्यांना जाहीर विनंती केली, प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा कुठे मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत होऊन व्हिसा मिळाला. अपघातापासून दोन आठवडे गेले होते.

प्रत्येक घरासाठी खासदार ट्वीट करणार नाही. म्हणून या घटनेतून दोन गोष्टी आत्ताच उचला. पहिली: तुमच्याबरोबर आई किंवा वडील, निदान एकाचा पासपोर्ट काढून ठेवा. तुम्ही आयसीयूत असताना पासपोर्टचा फॉर्म भरायला बसण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको.

दुसरी गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलटी आहे. इथे डॉक्टर पेशंटशी कमी आणि नातेवाइकांशी जास्त बोलतात. पाश्चात्त्य देशांत अठरा पूर्ण झाली की तुम्ही सज्ञान. तुमच्या लेखी संमतीशिवाय रुग्णालय किंवा विद्यापीठ तुमच्या आईला फोनवर काहीही सांगायला बांधील नसतं, बहुतेकदा सांगतच नाही. त्यामुळे ‘माझी तब्येत बिघडली तर माहिती कुणाला द्यायची, आणि मी बोलू शकत नसेन तर निर्णय कुणी घ्यायचा’ याचे फॉर्म विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये पहिल्याच आठवड्यात भरून टाका. शक्य असेल तर त्याच देशात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचं नावही द्या.

विमा: देश तसा नियम

‘इन्शुरन्स काढलाय’ एवढं वाक्य पुरेसं नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरावा लागतो आणि त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा ठरावीक विमा सक्तीचा. जर्मनीत विम्याशिवाय विद्यापीठात नोंदणीच होत नाही. कॅनडात प्रांत बदलला की नियम बदलतो: अल्बर्टात सरकारी योजनेत जागा मिळते, ऑन्टारिओत विद्यापीठाच्या योजनेवर भिस्त. अमेरिकेत नेहमीच्या एफ-१ व्हिसासाठी सरकारची विम्याची सक्ती नाही, तो नियम विद्यापीठ ठरवतं. तिथल्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागात पैसे नसले तरी आधी तपासून तब्येत स्थिर करावीच लागते. पण बिल नंतर येतं, आणि ते एज्युकेशन लोनचा हिशोब उलटापालटा करू शकतं.

स्वस्त म्हणून इथूनच पॉलिसी घेणार असाल तर चार गोष्टी वाचा. आधीपासूनचा आजार धरलाय का? मानसिक आजारावरचे उपचार आहेत का? मृतदेह किंवा रुग्णाला भारतात आणण्याचा खर्च आहे का? आणि तुम्ही बरेच दिवस अ‍ॅडमिट राहिलात तर घरच्या एकाच्या तिकिटाचा खर्च मिळतो का? हा शेवटचा फायदा अनेक स्टुडंट पॉलिसींमध्ये असतो, पण पासपोर्टच नसेल तर त्याचा उपयोग काय?

सरकार काय करतं, काय करत नाही

फेब्रुवारी २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. तिथे तक्रार करता येते आणि विद्यार्थी म्हणून नोंदणीही करता येते. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. त्यातून गरजूंना तातडीचे उपचार, कायदेशीर मदत, मृतदेह मायदेशी पाठवणं यासाठी पैसे दिले जातात. पण तो सरसकट सगळ्यांना मिळत नाही, आर्थिक स्थिती बघूनच देतात.

खरी अडचण आधीची आहे: कोण कुठे आहे हेच माहीत नसणं. जानेवारी २०२२ मध्ये, युद्धाला तोंड फुटण्याच्या जवळपास महिनाभर आधी, कीव्हच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना नोंदणी करायला सांगितलं होतं. पुढे ‘ऑपरेशन गंगा’मध्ये साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले, त्यात विद्यार्थीच जास्त. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमावाने हल्ले केले, जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी दूतावास आधी आपल्याकडची यादी उघडतो. त्या यादीत तुमचं नाव नसेल, तर तुम्हाला शोधायचं कसं?

यात सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या ठरावीक गटातल्या कामगारांना ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची आहे, दहा लाखांच्या अपघाती संरक्षणासह. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतही आरोग्य विम्याची तरतूद आहे. म्हणजे गरज सरकारला मान्य आहे. मग स्वखर्चाने, कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणी आणि विमा त्याच्या मर्जीवर का सोडलाय? व्हिसाची फाइल तयार करून देणाऱ्या एजंटवर निदान नोंदणी करून द्यायची जबाबदारी का नाही?

मन आजारी पडतं तेव्हा

आनंदीबाई जोशी आठवा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, पण तिथली थंडी, न मानवणारं अन्न आणि क्षयाने शरीर पोखरलं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तिथे त्यांचा आधार होता तो कार्पेंटर मावशींचा, ज्यांनी परक्या देशातल्या मुलीला आपल्या घरात ठेवून घेतलं. आज औषधं बदलली, एकटेपणा तसाच आहे. चार वाजता मावळणारा सूर्य, पार्ट-टाइमची शिफ्ट, लोनचा हप्ता, आणि घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणायची सवय.

बहुतेक विद्यापीठांत काउन्सेलरची फी वेगळी पडत नाही. अमेरिका आणि कॅनडात ९८८ हा मानसिक संकटासाठीचा नंबर आहे. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, मग इथेच लाज कसली?

बॅग भरण्याआधी

- ‘मदद’ पोर्टलवर नोंदणी करा. पत्ता बदलला की तिथेही बदला.
- आपत्कालीन नंबर पाठ करा: अमेरिका-कॅनडा ९११, युरोप ११२, ब्रिटन ९९९, ऑस्ट्रेलिया ०००.
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह चिठ्ठी घ्या. इथे सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांवर काही देशांत बंदी आहे.
- रक्तगट, अ‍ॅलर्जी, लसीकरण, विम्याचा नंबर हे एका कागदावर लिहा. एक प्रत पाकिटात, एक घरी.
- नियमबाह्य कॅशची नोकरी धरू नका. तिथे हात भाजला तर व्हिसा जाईल या भीतीने तक्रारही करता येत नाही.

आणि तुम्ही जाणार नसाल, तुमची मैत्रीण किंवा मित्र जाणार असेल, तर एक काम तुमच्याकडे. त्यांच्या आई-बाबांचा नंबर घेऊन ठेवा. सिडकोतल्या नाहीतर सिन्नरच्या घरात परदेशी हॉस्पिटलचा ई-मेल येतो, तेव्हा तो वाचून दाखवणारं, व्हिसाचा फॉर्म भरून देणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता.