जुन्या यंत्रातील परक्याची स्मृती

गुरुग्राम हे केवळ काचेच्या मनोऱ्यांचे शहर नाही. वापरलेल्या मोबाइलचा देशव्यापी व्यापार करणाऱ्या ‘कॅशिफाय’चे मुख्यालयही तेथेच आहे. कार्यालयांतून बाद झालेले लॅपटॉप आणि घरोघरचे जुने फोन दुसऱ्या हाती जावेत, हे पर्यावरणाच्या दृष्टीने इष्टच. परंतु पहिल्या मालकाची छायाचित्रे वा बँकेची कागदपत्रे त्या यंत्रात राहिली असतील, तर नव्या मालकाचे कर्तव्य कोणते?

फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे ती नष्ट होतेच असे नाही. हार्ड डिस्कमध्ये बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी खोडली जाते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ पाने शाबूत असतात. अमेरिकेतील एमआयटीचे सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ पूर्णपणे पुसलेल्या होत्या. आजच्या बहुतेक फोनमधील माहिती कूटबद्ध असते. ‘फॅक्टरी रीसेट’ करताना तिची किल्लीच नष्ट होते आणि उरते ते निरर्थक. धोका उरतो तो रीसेट न करता विकलेले फोन, मेमरी कार्ड आणि जुने लॅपटॉप यांत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेली हाताळणी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे घरी बसलेल्या खरेदीदाराबाबत मुख्य भिस्त त्याच्या विवेकावरच राहते.

सापडलेल्या वस्तूची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्याने सापडणाऱ्यावर टाकली आहेच. पण पाकीट परत करता येते. पाहिलेले परत करता येत नाही. म्हणून येथे पहिले कर्तव्य न पाहण्याचे. मालकाचा शोध घेण्यासाठी एकेक फाइल उघडणे हा सद्हेतूने केलेला अतिक्रमच होय. परकी माहिती दिसताच थांबावे, प्रत काढू नये, कोणाला दाखवू नये. विक्रेत्याला कळवून मूळ मालकाशी त्याच्यामार्फतच संपर्क साधावा आणि नंतर यंत्र पूर्ण पुसावे. गंभीर गुन्ह्याचा पुरावा दिसला, तर मात्र काहीही न पुसता यंत्र पोलिसांच्या स्वाधीन करावे.

तरीही सारा भार ग्राहकाच्या सौजन्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. जुन्या यंत्रावर नफा कमावणाऱ्याने ते पुसूनच विकले पाहिजे. वाहनाला पीयूसी प्रमाणपत्र लागते, तसे प्रत्येक पुनर्विक्रीच्या यंत्रासोबत माहिती पुसल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे व्हावे. तोवर विकणाऱ्याने आपली माहिती स्वतः पुसावी. यंत्राची किंमत मिळते, त्यातील आयुष्याची नाही.