नात बांगलादेश झाली तेव्हा



गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा गट पुण्याला 'मॉडेल युनायटेड नेशन्स'ला निघालाय, फी भरू का, असं ती विचारत होती. "अभ्यास सोडून ही कसली नाटकं?" असंही वर म्हणाली. दोन वर्षांपूर्वी नातीला मी हेच म्हणाले होते, म्हणून आज त्यावरच लिहिते.

हा प्रकार साधा आहे. संयुक्त राष्ट्रांची सभा मुलंच भरवतात आणि प्रत्येकाला एकेक देश वाटून देतात. दोन-तीन दिवस त्या देशाच्या वतीने बोलायचं, इतरांशी वाटाघाटी करायच्या आणि शेवटी ठराव लिहून मतदान घ्यायचं.

आमच्या नातीच्या वाट्याला आला बांगलादेश, आणि विषय नद्यांच्या पाण्याचा. मला मुळीच रुचलं नाही. "आपल्याच देशाला बोल लावायला फी भरायची?" मी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "आजी, आधी वाचून तरी बघ."

वाचलं. गंगेवरचं फराक्का धरण १९७५ साली सुरू झालं. कोलकात्याचं बंदर गाळाने भरू नये म्हणून तिथून हुगळीत पाणी वळवतात. खाली बांगलादेशाची तक्रार, की उन्हाळ्यात आमची नदी आटते. १९९६ साली ३० वर्षांचा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे या काळात पाणी ७०,००० क्युसेकपर्यंत असेल तर निम्मं-निम्मं. ऐन उन्हाळ्यात तर दर दहा दिवसांनी आळीपाळीने एकेका देशाला ३५,००० क्युसेकची हमी. अहो, ही तर आपल्या शेताची पाण्याची पाळी! २०१९च्या महापुरात आम्ही सांगलीकर अलमट्टीच्या नावाने बोटं मोडत होतो, ते आठवलं. धरण दुसऱ्याच्या हातात असलं की मनात काय येतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

मग तिने सरावासाठी मला भारत केलं. दहा मिनिटांत माझे मुद्दे संपले. अभिमान भरपूर होता, माहिती नव्हती. भारताची बाजूही तिलाच माझ्यापेक्षा नीट येत होती, कारण समोरचा काय म्हणेल हे तिला आधी शोधावं लागलं होतं. मुलांना यातून मिळणारी मोठी गोष्ट हीच, असं मला वाटतं. अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो आणि मान डोलावतो. या मुलांना तीन दिवस दुसऱ्याच्या बाजूने उभं राहून बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. ठरावातल्या एकेका शब्दावर तासभर खल होतो. हा वेळ वाया जात नाही. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द येणार होते. तिथे 'सर्व मानव' असं यावं म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. एका बाईने एक शब्द बदलला, आणि त्यात तुम्ही-आम्ही सगळ्या आलो.

दोषही सांगते. फी, प्रवास आणि कोट मिळून खर्च बराच होतो. सारं इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी शाळेतल्या हुशार मुली मागच्या बाकावर राहतात. कधी कधी मोठ्या आवाजाला बक्षीस मिळतं. आमच्या नातीला काहीच मिळालं नाही. उलट मसुद्यातलं तिचं आवडतं वाक्य गाळावं लागलं, तेव्हा कुठे भारत झालेल्या मुलाने सही केली. पण तेवढ्यासाठी मला ते तीन दिवस मोलाचे वाटतात.

कारण नंतर घरात एक प्रसंग आला. वडिलांना ती सी.ए. व्हायला हवी होती, तिला वकिली करायची होती. पूर्वी असं काही झालं की दार आपटायची. या वेळी तिने कागदावर आधी वडिलांच्या काळज्या लिहिल्या: खर्च, लागणारी वर्षं, लग्नाचं वय. मग आपलं म्हणणं लिहिलं. माझ्या मुलाने तो कागद दोनदा वाचला. आता बी.कॉम. पूर्ण करून तीन वर्षांचं एल.एल.बी., असं ठरलंय. त्यातही दोघांनी आपापलं एकेक वाक्य गाळलंच.

मैत्रिणीला म्हटलं, फी भर. फक्त सोबत कोण शिक्षक आहेत आणि सूर्यास्ताआधी जेवणाची सोय आहे का, ते आधी विचार. जाण्यापूर्वी लेकीने आपल्या देशाबद्दल काय वाचलं तेही विचार. आणि सरावाच्या वेळी समोरचा देश तू हो. हरशील, पण मजा येईल.