एका साध्या भिंगाची अपेक्षा

सत्तर वर्षांपूर्वीच्या शिवणयंत्राला आजही नवी सुई मिळते, याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला आज नवे भिंग मिळते, आणि तेही जोडकाम न करता जागच्या जागी बसते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जर्मनीतील वेट्झलार गावच्या लायट्झ कारखान्याने १९५४ साली लायका एम३ हा कॅमेरा काढला आणि भिंग बसवण्यासाठी जी खाच त्याला दिली, तीच आजच्या लायकालाही आहे. त्याहून जुन्या लायकांना ३९ मिलिमीटरच्या आट्यांवर फिरवून बसवायचे भिंग लागे. दोन्ही पद्धतींत भिंगापासून फिल्मपर्यंतच्या अंतरात फरक बरोबर एक मिलिमीटरचा ठेवलेला असल्याने पातळ कडे मध्ये घातले की जुने भिंगही नव्या कॅमेऱ्यावर चालते. असा दूरदर्शीपणा यंत्र घडविणाऱ्यांकडे क्वचितच आढळतो!

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे ज्यांनी त्यातून कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कॅमेऱ्याच्या तोंडाला दोन खिडक्या असतात. मोठीतून दृश्य सरळ आपल्या डोळ्यापर्यंत येते. धाकटीतून आलेली प्रतिमा आरशाने वळवून, अर्धपारदर्शक काचेवरून पहिलीत मिसळलेली असते. भिंगाचे कडे फिरवू लागताच दृश्याच्या मधोमध असलेल्या लहानशा चौकटीत ही दुसरी प्रतिमा सरकू लागते. समोर आजी बसल्या असतील तर त्यांच्या नाकात क्षणभर दोन नथी दिसतात. दोहोंची एक झाली की अंतर जुळले. फिरत्या आरशाची उघडझाप नसल्याने आवाज अगदी हलका होतो. मंगलाष्टके चालू असताना किंवा देवघरात पूजा चालली असताना भटजींनी मान वर करून पाहू नये, इतका हलका. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यभर बहुतेक काम लायका आणि ५० मिलिमीटरचे भिंग यांवरच केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, त्याची आणि गांधीजींची दिल्लीत भेट झाली होती.

आता नव्या भिंगाची अपेक्षा करायची, तर या यंत्राची प्रकृती ओळखूनच करावी लागते. दोन खिडक्यांमधील अंतर हा सगळ्या मोजणीचा पाया. लायकामध्ये तो सुमारे ६९ मिलिमीटर आहे. एवढ्याशा पायावर उभारलेल्या त्रिकोणाने १३५ मिलिमीटरपलीकडच्या लांब पल्ल्याच्या भिंगांचे अंतर नेमके जुळत नाही. पाहायची खिडकी भिंगाच्या शेजारीच असल्याने भिंग जाडजूड झाले की दृश्याचा एक कोपरा झाकला जातो. उलट आरसा नसल्याने भिंगाचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतो, आणि त्यामुळे विस्तृत दृश्य टिपणारी भिंगे इवलीशी असूनही उत्तम करता येतात. लुडविग बेर्टेले यांनी त्साइसच्या काँटॅक्ससाठी आखलेले २१ मिलिमीटरचे बिओगोन (१९५४) हे त्याचे नामांकित उदाहरण. तात्पर्य, या कॅमेऱ्याला लहान भिंगच शोभते.

पण अलीकडचा ओघ पाहावा तर नेमका उलटा! २०१७ साली लायकाने ७५ मिलिमीटरचे, एफ/१.२५ इतके रुंद प्रकाशरंध्र असलेले भिंग काढले. त्याचे वजन एक किलोच्या वर, म्हणजे ज्याला ते लावायचे त्या कॅमेऱ्याहून जास्त. २०२२ साली आलेले ३५ मिलिमीटरचे एक भिंग ४० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, पण रेंजफाइंडर ७० सेंटिमीटरलाच हात टेकतो. पुढचे काम मागच्या पडद्यावर पाहून करायचे. आणि २०२५ साली तर त्याच घराण्यात रेंजफाइंडरच नसलेला कॅमेरा जन्माला आला. ज्याच्यासाठी भिंग घडवायचे त्यालाच वगळून घडवायचे, ही रीत मला तरी रुचत नाही.

कोणी म्हणेल, जुनी भिंगे बाजारात ढिगाने असताना नव्याचा हट्ट कशाला? हा प्रश्न ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत बसून विचारणे सोपे आहे. गोव्याच्या किंवा बेळगावच्या पावसाळ्यात चार महिने कातडी पेटीत ठेवलेले भिंग उघडून पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते, आणि तिच्यातून पाझरणारे आम्ल काचेवरील लेप आणि पुढे काचही खाते. तशी काच पुसून पूर्ववत होत नाही. आतील वंगण उडून काचेवर धूसर थर धरतो. दोन काचा चिकटवण्यासाठी वापरलेला राळेचा थर सुटू लागतो. यांतून वाचलेल्या चांगल्या जुन्या भिंगाची किंमत संग्राहकांनी एवढी चढवून ठेवली आहे की नोकरदार माणसाने चौकशी करून परतावे. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याची एक वेगळीच खोड आहे. मागे सरकून बसलेल्या जुन्या विस्तृत भिंगांचे तिरपे किरण फिल्म निमूटपणे पत्करी. डिजिटल पटलाच्या कडांना मात्र ते रंग फासतात.

इच्छा करणाऱ्यांचे ऐकले जाते, याला एक दाखला आहे. १९९९ साली, रेंजफाइंडरचे दिवस संपले असे बहुतेकांनी मानले असताना, जपानच्या नागानो प्रांतातील कोसिना कंपनीने फोक्टलेंडर हे जुने जर्मन नाव घेऊन ३९ मिलिमीटरच्या आट्यांचे १५ मिलिमीटर भिंग काढले. ते रेंजफाइंडरला जोडलेलेही नव्हते. अंतर अंदाजाने लावायचे. तरी लोकांनी ते उचलले, आणि तेव्हापासून त्या कारखान्यातून अशी भिंगे येतच राहिली. त्यांचे बेसा कॅमेरे २०१५ साली बंद झाले, भिंगे मात्र चालूच आहेत. चीनमधील नव्या कारखान्यांनीही या खाचेसाठी स्वस्त भिंगे काढून या जुन्या दुनियेत गलबला केला आहे. लायकानेही २०१६ मध्ये १९५५ सालचे २८ मिलिमीटरचे सुमारोन, अवघ्या एफ/५.६ चे, पुन्हा काढले. रचना इवलीशी, पण किंमत मात्र थोरांची.

माझी अपेक्षा याहूनही साधी आहे. ५० मिलिमीटरचे, एफ/२.८ चे, वापर संपला की नळी आत सरकवून कोटाच्या खिशात टाकता येईल असे भिंग. लायकाने १९९४ मध्ये असेच एक एल्मार काढले होते. ते २००७ च्या सुमारास बंद झाले. दोन मीटरवरून पाहिले तर ५० मिलिमीटरच्या चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदीचे दृश्य मावते: सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेली तीन माणसे. घरच्या छायाचित्रांना एवढे पुरते. एम३ च्या खिडकीत याच मापाची चौकट कायम दिसत असते. बांधणी ३९ मिलिमीटरच्या आट्यांची असावी, म्हणजे कड्याच्या साह्याने ते दोन्ही पिढ्यांच्या कॅमेऱ्यांना चालेल. लेप आजचा असावा, आणि चार स्क्रू काढले की गावातल्या कारागिराला आतून पुसता यावे.

यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या ज्या रेंजफाइंडरांचे भिंग अंगालाच जडवलेले असते, त्यांच्या धन्यांना ही आशा करून उपयोग नाही. इतरांनी, म्हणजे गोव्यात १९६१ पूर्वी सहज मिळणाऱ्या विलायती मालातून किंवा परदेशस्थ आप्ताकडून आलेला लायका ज्यांच्या कपाटात पडून असेल त्यांनी, तो बाहेर काढावा. भिंग अनंतावर लावून रात्री चंद्राकडे पाहावे. खिडकीत चंद्र एकच दिसला तर यंत्र शाबूत आहे. दोन दिसले, शेजारी शेजारी किंवा खालीवर, तर आधी कारागिराकडे न्यावे; नाही तर कोणतेही भिंग लावले तरी फिल्मवर आजींचा चेहरा धूसरच उमटेल.