आजोबांचा वेग, नातवाचा वेग



आमच्या घरी संगणक एकच, पण वापरणारे तिघे: माझे सासरे आप्पा, आमचे चिरंजीव आणि मी. आप्पांचे वय ७८. पेन्शन जमा झाली की बँकेचे पान उघडायचे आणि आकडा वहीत लिहून ठेवायचा, हा त्यांचा दर महिन्याचा नेम. उन्हाळ्यात तो मोडला. हात थोडा थरथरतो, बाण बटणावर थांबत नाही, एकदा भलतेच बटण दाबले गेले. "तूच बघून सांगत जा ग," म्हणाले आणि माउसला हात लावणे सोडले. वयच झाले, असे आम्हीही धरून चाललो.

खरे कारण दिवाळीच्या सुट्टीत कळले. चिरंजीवांनी गेम खेळण्यासाठी माउसचा वेग वाढवून ठेवला होता! विंडोजमध्ये हा वेग १ ते २० अशा आकड्यांत मोजतात. मुळात तो १० असतो, आमचा १६ वर होता. वेग जास्त म्हणजे हात जरासा हलला तरी बाण पडद्यावर लांब पळतो. आप्पांची थरथर तेवढीच होती, पडद्यावर मात्र ती मोठी होऊन दिसत होती.

सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करता येतो. पण नातू पुन्हा वाढवणार, मग विसरणार. म्हणून त्यालाच म्हटले, "पायथन शिकतोस ना? मग कर काहीतरी."

विंडोजमध्ये 'सिस्टिम पॅरामीटर्स इन्फो' नावाचे फंक्शन आहे. पायथनमधून 'सीटाइप्स' वापरून त्याला हाक मारता येते. त्याला चार गोष्टी सांगायच्या, जणू चार रकान्यांचा फॉर्म. पहिल्या रकान्यात काम: ११३ म्हणजे माउसचा वेग बदल. (११२ दिले तर सध्याचा वेग कळतो.) दुसऱ्यात ०. तिसऱ्यात हवा तो वेग. चौथ्यात ० दिले तर बदल तात्पुरता, लॉग-ऑफ होईपर्यंत. १ दिले तर तो कायम जतन होतो. झाले! डेस्कटॉपवर आता दोन चिन्हे आहेत, 'आप्पा' आणि 'मी'. बसणाऱ्याने आपले चिन्ह दोनदा क्लिक करायचे.

आप्पांचा आकडा ठरवायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. नातवाने परस्पर ३ ठेवला. आप्पा वैतागले, "अरे, टेबल संपले तरी बाण पोचत नाही!" मग ५, मग ८, शेवटी ६ वर हात स्थिरावला. हा आकडा आपण ठरवायचा नसतो. ज्याच्या हातात माउस, त्यालाच विचारायचे.

ज्यांना प्रोग्राम लिहायचा नसेल, त्यांनी घरातल्या प्रत्येकाचे वेगळे युजर खाते उघडावे. माउसचा वेग प्रत्येक खात्यात वेगळा राहतो.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माउस जगाला दाखवला, त्याला अर्धशतक उलटून गेले. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र १९९८ पासून आपल्या हैदराबादेत आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दिवसभर परक्यांच्या अडचणी सोडवून घरी येतो, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाने माउस का सोडला, हे विचारायचे राहून जाते. माझेही राहिले होते.

आप्पांनी त्याच आठवड्यात बँकेचे पान स्वतः उघडले. वही काढली, चष्मा पुसला, आकडे ताडून पाहिले आणि मला हाक मारली. सप्टेंबरचा म्हणून मी सांगितलेला आकडा ऑगस्टचा निघाला.

या रविवारी तुमच्या आजी-आजोबांना माउस धरायला सांगा, आणि शेजारी बसून नुसते बघा.